चारचा पत्रा

धावफलकाच्या पोटात उभं राहिलं
की सामना दिसत नाही.
दिसते बोटभर फट,
तिच्यातून लाँग-ऑनवरच्या कुणाचे तरी बूट
आणि नीलमोहराखाली सांडलेली जांभळी रास.
बाकीचं सगळं कानांनी.

बाबा सांगतात, खेतिवे, आवाज ओळखायचा.
टक् म्हणजे एक.
टाक् म्हणजे चार.
आणि आधी बराच वेळ काहीच नाही,
मग डोक्यावर दणका,
म्हणजे सहा, आणि छपराला नवा पोचा.

म्बोनिसी न्यूबे, वय एकसष्ट.
बुलावायोच्या या लाकडी पेटाऱ्यात बत्तीस वर्षं.
त्यांच्या उमेदीत दोनशे वीस म्हणजे
पोटभर जेवण, वर ढेकर.
म्हणून शतकाच्या खुंटीसाठी पत्रे तीनच:
एक, दोन, तीन.
तीनचा रंग परवापर्यंत कोरा करकरीत होता.

रविवारी आमचे तीनशे अठरा, आयर्लंडचे तीनशे एकोणीस.
बुधवारी त्यांचे तीनशे बावन्न,
ते आम्ही सत्तेचाळिसाव्या षटकात गिळले.
शुक्रवारी कुणाचे किती, आता आठवत नाही.
मनगटं आठवतात.
नऊ काढ, पाच लाव. पाच काढ, एक लाव.
दशकाच्या खुंटीला बूड टेकायला सवड नाही.
बाबा म्हणाले, ही खेळपट्टी नव्हे,
हिच्यावरून व्हिक्टोरिया फॉल्सची बस सोडा.

चौथा सामना. फलंदाजी आमची.
सेहेचाळिसाव्या षटकात तीनशे नव्वद,
आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, चार आहे की, बळींच्या खुंटीचा.
तो वीतभर. शतकाचा हातभर लागतो.

मागे मापुती विकत बसलेल्या मासिबांडानं
तेलाचा रिकामा डबा दिला,
वर दोन शिव्या, आमच्या कारभाराला.
बाबांनी तो कापला, ठोकून सपाट केला.
पांढरा रंग केव्हाच संपलेला,
तेव्हा क्रीज आखायचा चुना बादलीतून आणला
आणि मी बोटानंच चार काढला.

अठ्ठेचाळीस षटकं. तीनशे नव्व्याण्णव.
फटीतले बूट निघाले.
लॉर्कन नावाचा तो उंच पोरगा,
नऊ षटकं, शहाण्णव धावा,
एकही बळी नाही.
त्याचा शहाण्णव मीच टांगला होता.

मी चार उरापाशी धरून उभी.
यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांचा आवाज.
पुन्हा तोच.
मग पॅडवर काहीतरी मऊ, आणि एक अपील, विरून गेलेलं.
हातमोजे.
मैदान चिडलं, शिट्ट्या,
कुणीतरी डबडं बडवू लागलं.
पाचव्या चेंडूला बॅट नुसती हवेत फिरली असणार,
तसा आवाज असतो, वारा मुडपल्यासारखा.
सहाव्याला इतकी शांतता
की छपरावरचा होला घुमताना ऐकू आला.
चुना माझ्या कोपरापर्यंत ओघळला होता.

निर्धाव षटकासाठी आमच्याकडे खुंटी नाही.
काही काढायचं नाही, काही लावायचं नाही.
शहाण्णवचे शहाण्णव.
बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं,
बहुधा नुसतं खाजवलंच.

बूट परत आले.
डाव्याची नाडी सुटलेली, लाल धुळीनं माखलेली.
मी फटीतून बोट बाहेर काढलं, चुन्यानं पांढरं.
त्यानं पाहिलं की नाही, देव जाणे.
तो खाली वाकला, नाडी बांधली,
बराच वेळ बांधली.

संध्याकाळी आम्ही जिंकलो. अठरा धावांनी की एकोणीस,
ते कागदावर असेल.

त्याआधी, शेवटच्या षटकाचा पहिलाच चेंडू:
टाक्.
"लाव," बाबा म्हणाले.
"ओला आहे."
"लाव गं."